भिंतीवरची सनद

गेल्या महिन्यात मृण्मयी पहिल्यांदा आमच्याकडे आली. मुलगी पुण्याची, इथल्या एका कंपनीत कॉम्प्युटरची नोकरी लागली म्हणून इंदूरला आलेली. तिच्या पणजोबांचे वडील आणि माझे पणजोबा एकच, एवढं तिला घरून सांगितलेलं होतं. चहा होईपर्यंत तिनं लॅपटॉपवर आमचा सगळा वंशवृक्ष उघडला. बोट ठेवून म्हणाली, "आत्या, तुमच्या घराकडे येणारी ही रेघ तुटक का आहे?" मी म्हटलं, आधी पोहे खा, मग सांगते. पोहे झाले, जिलबी झाली, ती निघूनही गेली, आणि मला काही सांगता आलं नाही. सांगायला बसले की कुठून धरावं तेच कळत नाही. आता लिहून बघते. आडनाव मात्र लिहीत नाही. दोन्ही घरांत लेकी-सुना आहेत.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. बड्या गणपतीच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो. आई, बाबा आणि मी. सकाळी देवळातल्या घंटेच्या आधी मिलचा भोंगा व्हायचा, त्याच्या मागोमाग खालच्या हलवायाच्या कढईत झारा आपटायचा, आणि बाबा न्हाणीघरातून ओरडायचे, "अगं, नल आ गए का?" आमची मराठी अशीच. घरात मराठी, जिन्यात हिंदी, आणि उंबऱ्यावर दोन्ही. आई देवासची, तिच्या आमटीत गूळ आणि बाबांच्या ताटात सगळ्यावर शेव. आमटीवर शेव, पोह्यांवर शेव, उपासाच्या दिवशी सोडून कशावरही शेव. बाबा शिक्षण खात्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते. आवाज मोठा, मन हळवं, आणि घराण्याचा अभिमान दांडगा. तो अभिमान बाहेरच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये टांगलेला होता.

त्या फ्रेममध्ये पिवळा पडलेला एक कागद होता. मोडीत लिहिलेला. जुने लोक हात न उचलता जी लिपी लिहीत, ती मोडी. आमच्या घरात कुणालाच ती येत नव्हती. माझे पणजोबा रामचंद्रपंत कृष्णाकाठच्या एका गावाहून इंदूरला आले आणि होळकर सरकारच्या दफ्तरात कारकून झाले. ते गेल्यावर त्यांच्या पेटीत रेशमी रुमालात गुंडाळलेला हा कागद आजोबांना सापडला. एवढा जपून ठेवलाय म्हणजे नेमणुकीची सनदच असणार, असं आजोबांनी ठरवलं आणि फ्रेम करून लावला. दसऱ्याला आम्ही तिला झेंडूची माळ घालत असू. आलेल्या प्रत्येक माणसाला बाबा सांगत, "ही आमची सनद, भिया. सरकारी." माणूस मान डोलवायचा. न वाचता येणाऱ्या अक्षरांपुढे माणसं फार लवकर मान डोलवतात.

श्रावणात एक पोस्टकार्ड आलं. साताऱ्याकडच्या कुणी कुसुमताई, शाळेत शिक्षिका, आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत तयार करत होत्या. कोण कुठून आला, कुणाला किती मुलं, कुठे पांगली, हे सगळं एका पुस्तकात घालायचं होतं. इंदुरास आपल्या आडनावाचं एक घर आहे असं कळतं, माहिती घेण्यास यावे म्हणते, असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. बाबांना आभाळ ठेंगणं झालं. "बघ, तिकडच्या लोकांना आपली आठवण आली," असं त्यांनी आईला दिवसातून चारदा सांगितलं आणि उलट टपाली कार्ड टाकलं, अवश्य यावे, उतरणे आमच्याकडेच करावे.

कुसुमताई भाद्रपदात, गणपती बोळवल्यावर आल्या. पन्नाशीला टेकलेल्या, उंच, पांढरी स्वच्छ नऊवारी नव्हे, साधी फिकट पाचवारी, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत छापील फॉर्मांचा गठ्ठा. बोलणं असं स्पष्ट की मला माझ्या बोलण्याची लाजच वाटायला लागली. मी "शक्कर देऊ का?" म्हटलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "दे की. आमच्याकडे तिला साखर म्हणतात, पण गोड तेवढीच असते." मला त्या तिथंच आवडल्या. पहिल्या दिवशी आई त्यांना टेम्पोनं खजराण्याच्या गणपतीला घेऊन गेली. संध्याकाळी बाबा लवकर आले, येताना कचोऱ्या आणल्या, आणि सनदेसमोर उभं राहून सगळा इतिहास सांगितला. कुसुमताई चष्मा वर करून काचेजवळ गेल्या. बाबांनी विचारलं, "आपल्याला मोडी येते?"

"येते. ह्या कामासाठीच शिकले."

"मग उद्या वाचून दाखवा. उद्या मी हाफ डे घेतो. शेजारच्यांनाही बोलावतो."

कुसुमताई काचेपासून मागे झाल्या. "शेजाऱ्यांना कशाला, मनोहरराव," त्या म्हणाल्या. "आधी आपण वाचू."

त्यांनी तेव्हाच पहिली ओळ वाचली होती की नाही, हे मला आजही माहीत नाही. पुढे मी त्यांना विचारलंही होतं. त्या म्हणाल्या, "उजेड कमी होता गं." हे उत्तर होतं की नव्हतं, तेही मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा कचेरीत गेल्यावर त्या स्वयंपाकघरात पाटावर फॉर्म घेऊन बसल्या. मी शेंगा सोलत होते, आई कणीक तिंबत होती. गोत्र झालं, कुलदैवत झालं. मग कुलाचाराचा रकाना आला. आई सांगत गेली. नवरात्रात अखंड दिवा, चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत, "आणि पितृपक्षात अविधवा नवमीला सवाष्ण जेवायला घालतो."

"कुणासाठी?" कुसुमताईंनी लिहिता लिहिता विचारलं. नवरा असताना जी बाई जाते, तिच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवते. घरात अशी कुणी गेलेली असली तरच हे करतात.

"पहिलीसाठी," आई म्हणाली. "आमच्या आजेसासूबाई दुसऱ्या. रामचंद्रपंतांची पहिली बायको तिकडे गावाला साथीत गेली ना, तिच्यासाठी. आजेसासूबाईंनी लग्न झाल्या वर्षापासून केलं. सवतीचं कोण एवढं करतं सांगा. लक्ष्मीबाई नाव तिचं."

कुसुमताईंचं पेन थांबलं. त्यांनी टोपण लावलं, मग पुन्हा काढलं, मग पुन्हा लावलं.

"लक्ष्मीबाई माझी आजी," त्या म्हणाल्या. "मी अकरा वर्षांची असताना गेली. तिच्या हातचं जेवून मी मोठी झाले."

आईचे हात परातीत तसेच. "दुसरी कुणी असेल, ताई. नावाला नाव असतं."

"नवरा रामचंद्र. लेकरू तीन महिन्यांचं असताना इंदुरास गेला, परत आला नाही. मरेपर्यंत ती कुंकू लावत होती. गावचा एक गोंधळी इकडे येऊन गेला होता, त्यानं सांगितलं, रामभाऊ सरकारवाड्यात आहेत, डोक्याला पगडी आहे. त्या बातमीवर तिनं जन्म काढला. आजीच्या भावांनी दोन पत्रं टाकली. पोचली का, देवाला माहीत."

मी शेंगा सोलायची थांबले होते. माझ्या डोक्यात हिशेब काही केल्या जुळेना. आमच्या घरात जिला मेली म्हणून दरवर्षी पान वाढत होते, ती तिकडे चूल फुंकत होती. ती कुंकू लावत होती आणि तिचा नवरा इथं केव्हाच वारला होता. आमची पणजी विधवेच्या लाल लुगड्यात बसलेली, आणि तिकडची त्याच माणसाची सवाष्ण. यात खोटं कोण बोललं? आई रडायला लागली. "अहो, आमच्या आजेसासूबाईंनी जिवंत बाईचं श्राद्ध घातलं हो," असं म्हणून तिनं कणकेच्या हातानंच तोंड झाकलं. तेव्हा कुसुमताईंनीच तिला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मरणाची अफवा उठली की आयुष्य वाढतं म्हणतात ना? म्हणून तर म्हातारी एवढी जगली." आणि त्या हसल्या. आईही डोळे पुसत हसली. मला मात्र त्या दोघी का हसतायत ते समजेना. सतरा वर्षांच्या मुलीला एवढं ठाऊक असतं की अशा वेळी कुणीतरी रागवायला हवं.

रागवायचं काम बाबांनी केलं. ते दुपारी आले, हातात शेवेचा पुडा, आणि दारातच आईनं सगळं सांगितलं. बाबा आधी हसले. मग म्हणाले, "लक्ष्मी नावाच्या बायका काय कमी आहेत?" मग कुसुमताईंकडे वळले. "आपल्याला हे आधीपासून माहीत होतं?"

"शंका होती."

"मग कार्डात का नाही लिहिलं?"

"लिहिलं असतं तर तुम्ही येऊ दिलं असतं?"

"म्हणजे फॉर्म भरायला आला नाहीत. पंचनामा करायला आलात." बाबांचा आवाज चढला. खालच्या मजल्यावरचा रेडिओ कुणीतरी बारीक केला, तेही मला ऐकू आलं. "देखो, माझे आजोबा देवमाणूस होते. ही घ्या सनद. सरकारनं कुणा ऐऱ्यागैऱ्याला दिली नसती. वाचा. वाचाच तुम्ही."

ते स्टुलावर चढले, फ्रेम उतरवली, मागच्या चुका उपटल्या आणि कागद बाहेर काढून कुसुमताईंच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो खिडकीशी नेला. आधी मनाशी वाचला. त्याला फार वेळ लागला, किंवा मला तसं वाटलं.

"मनोहरराव, ही सनद नाही," त्या म्हणाल्या. "पत्र आहे. थोरल्या भावाचं, सदाशिवरावांचं."

आणि त्यांनी वाचून दाखवलं. ते शब्द मला पाठ आहेत, कारण पुढे मी त्यांच्याकडून ते वहीत उतरवून घेतले. "चिरंजीव रामचंद्र यास आशीर्वाद विशेष. गावी गाठीच्या तापाची साथ आहे. निम्मे गाव रानात राहावयास गेले. परवा घरची लक्ष्मी गेली. ईश्वरेच्छेपुढे इलाज नाही. मूल सुखरूप असून आजोळी ठेविले आहे. तूर्त इकडे येण्याचे करू नये. हे आशीर्वाद."

बाबा स्टुलावर बसले. मग म्हणाले, "घरची लक्ष्मी गेली. म्हणजे भावानंच कळवलं होतं, ती गेली म्हणून. त्यांना वाटलं आपली बायको वारली. मग दुसरं लग्न केलं. यात त्यांची काय चूक?"

"गेली ती सदाशिवरावांची बायको," कुसुमताई म्हणाल्या. "ते स्वतःच्या घरच्या लक्ष्मीबद्दल लिहितायत. माझी आजी मुलाला घेऊन माहेरी होती, म्हणून वाचली. सदाशिवरावही त्याच महिन्यात गेले. घराला कुलूप लागलं. ह्या पत्राचा खुलासा करायला मागे कुणी राहिलंच नाही."

"तेच म्हणतोय मी!" बाबा एकदम उठले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं होतं. "गैरसमज झाला. फसवणूक नाही. मी म्हणत होतो ना, देवमाणूस."

कुसुमताईंनी कागदाची घडी घातली. "मूल सुखरूप आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हेही त्याच कागदावर लिहिलंय, मनोहर."

त्यांनी 'राव' गाळला होता. धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणाल्या. बाबा आत गेले आणि कपडे न बदलता पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले.

त्या दिवसापासून मी त्या पत्रावर किती वेळा विचार केला असेल. बायको गेली असं समजून माणूस रडला असेल, हे मी मान्य करते. साथ होती, येऊ नकोस असं भावानं लिहिलं होतं, तेही खरं. पण साथ संपल्यावर? पुढल्या वर्षी? तिच्या पुढल्या? मूल आजोळी कसं आहे, चालायला लागलं का, असं एक पत्र? की टाकलं होतं, आणि ते बंद घराच्या दाराशी पडून राहिलं? आणि ज्याला हे सगळं विसरायचं होतं तो माणूस असा कागद रेशमी रुमालात का जपून ठेवेल? साठी उलटली तरी मला यातलं एकही उत्तर मिळालेलं नाही. कधी वाटतं तो दुष्ट होता, कधी वाटतं बिचारा होता, आणि बहुतेक वेळा वाटतं की तो दोन्ही होता आणि त्याचं त्यालाच कळत नसावं.

कुसुमताई दुसऱ्या दिवशी सकाळी निघाल्या. बाबा लवकर कचेरीत निघून गेले होते. आदल्या रात्री त्यांनी आईकडे एवढाच निरोप ठेवला होता की आमचं घर तुमच्या पुस्तकात घालू नका. कुसुमताई म्हणाल्या, "बरं." आईनं त्यांची ओटी भरली, खाली वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "वन्सं, पुन्हा या." नवऱ्याच्या बहिणीला म्हणतात ते वन्सं. बाबांना बहीण नव्हती, त्यामुळे आईच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. कुसुमताईंनी तोंड फिरवलं आणि जिना उतरायला लागल्या.

मी त्यांना बस स्टँडवर पोचवायला गेले. बसमध्ये पिशवी ठेवून खाली उतरल्या आणि मला म्हणाल्या, "शालू, खरं सांगू? मी पुस्तकासाठी आलेच नव्हते. ते तीन महिन्यांचं मूल म्हणजे माझे वडील. पंचाहत्तरी झालीय. आजवर त्यांनी आपला बाप कसा दिसतो ते पाहिलेलं नाही. तुमच्याकडे एखादा फोटो असेल, एवढ्याच आशेनं आले होते. काल मागायला तोंडच राहिलं नाही."

फोटो होता. एकच. आजोबांच्या जुन्या ट्रंकेत, पगडी घालून खुर्चीवर बसलेले रामचंद्रपंत. मी घरी आले आणि ट्रंक उघडून तो काढला, पाकिटात घातला, पत्ताही लिहिला. मग परत काढून ठेवला. बाबांना न विचारता पाठवणं मला चोरी वाटत होती आणि न पाठवणं त्याहून मोठी चोरी वाटत होती. तीन दिवस मी ते पाकीट पुस्तकात घालून कॉलेजला नेलं आणि परत आणलं. चौथ्या दिवशी बाबा जेवत असताना ते त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं आणि बस स्टँडवरचं सगळं बोलणं सांगून टाकलं.

बाबांनी पाकिटावरचा पत्ता वाचला. "पंचाहत्तर?" एवढंच विचारलं. मग उरलेला भात कालवला, पण खाल्ला नाही.

पुढचे पंधरा-वीस दिवस घर कसंतरीच चाललं. भिंतीवर फ्रेमच्या जागी फिकट चौकोन राहिला होता आणि येणारा प्रत्येक जण विचारायचा, "सनद कुठे गेली, भिया?" बाबा म्हणायचे, "काच फुटली." अविधवा नवमी आली तेव्हा आई सकाळपासून चुलीसमोर नुसती बसून होती. सवाष्ण सांगावी तर कोणत्या नात्यानं सांगावी? ती बाई गेली तेव्हा नवरा आधीच वारलेला होता. पण तिला कुठे माहीत होतं? आईनं शेजारच्या काकूंना विचारलं, देवळातल्या गुरुजींना विचारलं, आणि कुणाचंच उत्तर तिला पटलं नाही. शेवटी तिनं पुरणाचा स्वयंपाक केला, एक सवाष्ण जेवू घातली आणि म्हणाली, "तिनं मरेपर्यंत कुंकू लावलं, मग मीच कोण पुसणारी?" बाबा बाहेरच्या खोलीत उभे राहून हे ऐकत होते.

दसरा झाला आणि बाबांनी रजा टाकली. कधी न टाकणारा माणूस, एकदम आठवड्याची टाकली. आम्हाला म्हणाले, जरा साताऱ्याकडे जाऊन येतो. आईनं दशम्या बांधून दिल्या, शेवेचा डबा दिला. ट्रंकेतला फोटो त्यांनी स्वतः वर्तमानपत्रात गुंडाळला, पत्राचा कागदही त्याच्याबरोबर ठेवला. मी "मी येऊ?" म्हटलं, तर म्हणाले, "नको. मला लाज वाटेल."

ते परत आले त्या दिवशी दुपार होती. चपला न काढताच ते बाहेरच्या खोलीत बसले, आणि आईनं पाणी आणायच्या आधीच बोलायला लागले. आपले काका, म्हणजे कुसुमताईंचे वडील, दिसायला थेट तुझ्या आजोबांसारखे आहेत, म्हणाले, तेच कान, तीच बसायची ढब. पत्र कुसुमताईंच्या हवाली केलं. आपल्या घराचा फॉर्म तिथंच बसून भरला. बायकोच्या रकान्यात आधी लक्ष्मीबाईंचं नाव लिहिलं, मग आमच्या पणजीचं.

"आणि फोटो?" मी विचारलं.

"फोटो मी त्यांच्या हातात दिला. म्हटलं, काका, हे तुमचे वडील. अंगणात उन्हाला बसले होते. कुसुमनं चष्मा आणून दिला. बघत राहिले, बघत राहिले. मला वाटलं आता रडतील, नाहीतर मला घराबाहेर काढतील. मी दोन्हीची तयारी ठेवून उभा होतो."

आई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती.

"मग म्हणाले, अगं कुसुम, हा तर माझ्यापेक्षा किती लहान आहे. ह्याला मी काय विचारणार?"